चोख कागदांचा देश

आमच्या लहानपणी लष्करच्या बाजारातील कापडवाले आणि किराणावाले दिवाळीनंतर गिऱ्हाइकांना कॅलेंडरे वाटीत. त्यांतील निम्म्यांवर देवदेवता असत, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांवर एकच चित्र असे. बर्फाने झाकलेले डोंगर, पायथ्याशी निळे सरोवर, काठावर लाकडी घर आणि त्याच्या खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. खाली नाव छापलेले नसले तरी ते स्वित्झर्लंड आहे हे घरातल्या लहान पोरालाही कळे. पुढे हिंदी चित्रपटांनी आपले नायक-नायिका त्याच डोंगरांवर नेऊन गाणी गायला लावली, आणि त्या देशाचे आपल्या मनातील चित्र कायमचे ठरून गेले. घड्याळ, चॉकलेट, बँक आणि बर्फ. स्वच्छ, श्रीमंत, वेळेवर चालणारा देश.

त्या कॅलेंडरावर कधी न छापल्या गेलेल्या एका गोष्टीविषयी आज मला लिहावयाचे आहे. ही गोष्ट म्हणजे त्या देशात होणारी माणसांची, मुख्यतः स्त्रियांची, देहविक्रयासाठी खरेदी-विक्री. देश तसा लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जुन्या ग्वाल्हेर संस्थानाहूनही कमी. लोकसंख्या सुमारे ९० लाख. माणशी उत्पन्नात जगातील अगदी पहिल्या काही देशांत त्याची गणना होते. मग त्याचीच निवड का, असे वाचक विचारतील. कारण असे की, स्त्रियांच्या व्यापाराचा विषय निघाला म्हणजे आपण लगेच गरिबी, अज्ञान, लाचखाऊ पोलीस आणि ढिसाळ कायदे यांच्याकडे बोट दाखवतो. ते खोटे नाही. परंतु जेथे सरकारी खजिना भरलेला आहे, शिक्षण सार्वत्रिक आहे आणि पोलीस सहसा विकले जात नाहीत, तेथेही हा व्यापार टिकून राहत असेल, तर त्याचे आणखी एखादे मूळ आपल्या नजरेतून सुटले आहे असे म्हणावे लागते. ते मूळ शोधावयास असा देशच बरा.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. देहविक्रय आणि माणसांचा व्यापार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या धंद्यातील प्रत्येक स्त्री विकली गेलेली असते असे नाही, आणि विकले गेलेले प्रत्येक माणूस या धंद्यातच असते असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो येथील करारपत्राने व्यापाराची व्याख्या तीन अंगांनी केली आहे. माणसाला मिळविणे, नेणे वा ठेवून घेणे हे पहिले अंग. त्यासाठी बळ, धाक, फसवणूक किंवा त्याच्या असहाय स्थितीचा गैरफायदा हे दुसरे. आणि त्याचे शोषण हा हेतू, हे तिसरे. तीनही असतील तर तो व्यापार. व्यक्ती अल्पवयीन असेल तर दुसऱ्या अंगाची गरजच उरत नाही. यातील ‘असहाय स्थितीचा गैरफायदा’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. साऱ्या प्रकरणाची किल्ली त्यांत आहे.

गंमत अशी की, या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचे एक माहेरघर स्वित्झर्लंडच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक सरकारे वेश्यांची नोंद ठेवीत, त्यांना सक्तीने वैद्यकीय तपासणीस पाठवीत आणि मग धंद्यास मुभा देत. ही पद्धत म्हणजे सरकारने दिलेली दास्याची सनदच होय, असे म्हणून जोसेफीन बटलर या इंग्रज बाईंनी तिच्याविरुद्ध झुंज दिली. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाची मोठी परिषद १८७७ मध्ये भरली ती जिनिव्हात. हा लढा आपल्याला परका नव्हता. हिंदुस्थानातही १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांखाली स्त्रियांची अशीच नोंदणी व तपासणी होत असे. छावण्यांतील हा प्रकार तर गोऱ्या सोल्जरांच्या सोयीसाठी चाले. आमचे मुरारही १८८६ पर्यंत इंग्रजांची छावणीच होते. पुढे १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या आश्रयाखाली स्त्रिया व मुले यांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला, तोही जिनिव्हातच. त्याआधीच्या करारांच्या संदर्भात ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असा शब्दप्रयोग रूढ होता. १९२१ च्या कराराने तो रंग काढून टाकला आणि सर्वच स्त्रिया-मुलांचा विचार केला. ज्या शहरात हा शब्द सुधारला गेला, त्या शहराच्या देशात हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही.

आता तेथील कायदा पाहू. स्वित्झर्लंडची सर्व देशाला लागू असलेली दंडसंहिता १ जानेवारी १९४२ रोजी अमलात आली, आणि तेव्हापासून स्वखुशीने केलेला देहविक्रय तेथे गुन्हा नाही. १९९२ च्या सुधारणेने कुंटणखाना चालविणेही केवळ त्या कारणाने गुन्हा राहिले नाही. एखाद्या स्त्रीला या धंद्यात लोटणे, किंवा धंद्याची वेळ, जागा, गिऱ्हाईक ठरवून तिला आपल्या ताब्यात ठेवणे, एवढेच गुन्हे ठरले. वरवर पाहता भूमिका उदार आहे. सरकार नीतीचा उपदेश करीत नाही, फक्त जबरदस्तीला शासन करते.

परंतु या उदारपणाला दोन मोठी भोके होती. पहिले असे की, धंदा कायदेशीर असला तरी त्याचा करार अनेक दशके अनैतिक आणि म्हणून पोकळ मानला जाई. गिऱ्हाइकाने पैसे बुडविले तर कायद्याच्या दारात त्या स्त्रीला उभे राहता येणे कठीण. तो करार आता सरसकट अनैतिक मानता येत नाही आणि तिला ठकविणारा फसवणुकीचा गुन्हेगार ठरू शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत सांगितले. मधे ७९ वर्षे गेली. तिच्या मिळकतीवर कर मात्र त्या काळातही घेतला जात होता. दुसरे भोक याहून भयंकर. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे पैसे देऊन जाणारा गिऱ्हाईक २०१४ पर्यंत त्या देशात गुन्हेगार नव्हता. संमतीचे वय सोळा, म्हणून विक्रीचेही वय सोळा, असा तो सरळ हिशेब. १ जुलै २०१४ पासून तो गुन्हा झाला. एखादा क्रूर राजा हे चालू देत होता असे नाही. जगातील एक जुने लोकराज्य, जेथे लोक वर्षातून अनेकदा मतपेटीकडे जातात, ते हे चालू देत होते. कोणाच्या डोळ्यांत ते सलले नाही, एवढेच.

तथापि मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते एका परवान्याने. युरोपीय संघाबाहेरील अकुशल माणसाला स्वित्झर्लंडमध्ये कामाचा परवाना सहसा मिळत नाही. शेतमजूर, मोलकरीण, हमाल यांना दार बंद. परंतु १९९५ पासून एका वर्गासाठी खास सवलत ठेवली होती. कॅबरेमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची. त्यांना वर्षातून जास्तीत जास्त आठ महिने राहण्याचा परवाना मिळे. करारनामा असे, पगार ठरलेला असे, किमान वयाची अट असे. परवान्याखाली देहविक्रय करण्यास आणि गिऱ्हाइकाला मद्य पिण्याचा आग्रह करण्यास मनाई होती. हे सर्व त्या स्त्रियांच्या रक्षणासाठीच केले आहे, असे सरकार म्हणे, आणि मला वाटते ते तसे मनापासून म्हणत असावे.

प्रत्यक्षात काय होई? पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका, आग्नेय आशिया येथून आलेल्या या स्त्रियांपैकी कित्येकींना मालकाच्या दडपणाखाली नेमक्या त्या दोन मना केलेल्या गोष्टी कराव्या लागत. गिऱ्हाइकाने शँपेनच्या जितक्या बाटल्या फोडाव्यात तितकी मालकाची कमाई. आणि नकार द्यावा तर? परवाना या एकाच कामापुरता होता. काम गेले तर राहण्याचा हक्क गेला. पोलिसांकडे जावे तर मनाई मोडल्याचा दोष तिच्याच माथी. म्हणजे तिच्या गळ्यातील दोरी सरकारने वळली होती आणि तिचे टोक मालकाच्या हाती दिले होते. दोरी वळणाऱ्याचा हेतू चांगला होता, हे खरे. त्याने दोरी सैल होत नाही.

या जागी मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यासारखी नाही, परंतु ती वगळून पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी येथे वकिली करीत होतो. एके दिवशी आमच्या आळीतील एक विधवा बाई आपल्या भाचीला घेऊन घरी आल्या. त्यांना सारी आळी मावशी म्हणे. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, गळा गोड. परगावच्या कोणा ऑर्केस्ट्रात गाण्याचे काम मिळत होते, आणि त्याचा इंग्रजी करारनामा स्टँपपेपरावर होता. मी तो वाचला. मुदत, पगार, राहण्याजेवण्याची सोय, आगाऊ दिलेली रक्कम, आणि मुदतीपूर्वी काम सोडल्यास ती व्याजासह परत करण्याची अट. मावशींनी विचारले, “वकीलसाहेब, कागद बरोबर आहे ना?” मी म्हणालो, “कागद चोख आहे, मावशी.” मुलगी इतका वेळ गप्प होती. उठता उठता तिने विचारले, “काका, नाही आवडलं तर परत येता येईल ना?” मी हसून म्हणालो, “पैसे फेडलेस की केव्हाही.”

तिची दोन पत्रे आली, मग बंद झाली. मावशी पुन्हा तोच कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यावरील पत्त्यावर मी दोनदा पत्र टाकले. दोन्ही परत आली. त्या मुलीचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही, म्हणून त्याविषयी तर्कही करीत नाही. मला एवढेच ठाऊक आहे की, तिने विचारलेला प्रश्नच त्या कागदावरचा एकमेव महत्त्वाचा प्रश्न होता, आणि मी त्याला वकिलाचे उत्तर दिले.

‘पैसे फेडलेस की केव्हाही’. स्वित्झर्लंडमधील एका खटल्याची हकीकत वाचताना हेच शब्द मला पुन्हा भेटले. जुलै २०१८ मध्ये बील या गावच्या न्यायालयाने थायलंडच्या एका बाईला साडेदहा वर्षांची कैद सुनावली. तिने थायलंडमधून ७५ जणांना, त्यांत बहुतेक स्त्रिया व काही तृतीयपंथी व्यक्ती होत्या, आणून निरनिराळ्या कॅन्टनांतील म्हणजे प्रांतांतील कुंटणखान्यांत ठेवले होते. पद्धत साधी होती. गावाकडे गरीब माणूस हेरावयाचे, प्रवासाची आणि व्हिसाची व्यवस्था करावयाची, आणि या सर्वाच्या बदल्यात सुमारे ३० हजार फ्रँकपर्यंतचे कर्ज डोक्यावर ठेवावयाचे. प्रत्यक्ष खर्चाशी त्या रकमेचा काही संबंध नव्हता. कर्ज फिटेपर्यंत काम, आणि कमाईतून खोलीचे भाडे व जेवण वेगळे कापलेले. कामाचे स्वरूप काय असणार हे त्यांतील काहींना निघतानाच ठाऊक होते. कोणत्या अटींवर ते करावे लागेल हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. कुलपे आणि साखळदंड यांची या धंद्याला फारशी गरज पडली नाही. भाषा येत नाही, कागदपत्रे खोट्या कारणांवर मिळविलेली, गावी आईबाप आणि मुले, त्यांचा पत्ता दलालाला ठाऊक. एवढी भिंत कोणत्याही तुरुंगाच्या भिंतीहून उंच असते.

कोणी म्हणेल, हे दूरदेशच्या व्हिसाचे झाले. युरोपातील स्त्रियांना तर येण्याजाण्याची मोकळीक आहे, त्यांच्या गळ्यात कागदाची दोरी कोठली? झुरिचचा अनुभव याचे उत्तर देतो. तेथे नदीकाठी झिलक्वाय नावाचा रस्ता आहे. मे २०११ पासून हंगेरीसारख्या देशांच्या नागरिकांना स्वित्झर्लंडमध्ये कामासाठी पूर्ण मोकळीक मिळाली, आणि या सुमारास त्या रस्त्यावर रात्री उभ्या राहणाऱ्यांत हंगेरीतील गरीब रोमा वस्त्यांतून आलेल्या तरुण मुली मोठ्या संख्येने दिसू लागल्या. त्यांच्यापाशी कागद होता. नव्वद दिवसांपर्यंतच्या कामासाठी तर नुसती सरकारदरबारी सूचना दिली की पुरे. परंतु त्यांपैकी कित्येकींवर गावाकडूनच आलेल्या दलालांची नजर असे. तो कधी नवरा म्हणविणारा, कधी चुलतभाऊ. मार आणि धाक यांच्या हकीकती न्यायालयांत आल्या.

झुरिचच्या नागरिकांनी मार्च २०१२ मध्ये मतदान करून, निम्म्याहून थोड्याच अधिक मतांनी, एक उपाय मंजूर केला. तो रस्ता या धंद्यास बंद झाला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये आल्टश्टेटन भागात एक आखीव जागा उघडली. गिऱ्हाइकाने मोटार घेऊन आत यावयाचे, लाकडी आडोशांत मोटार उभी करावयाची, प्रत्येक आडोशात धोक्याची घंटा, शेजारी स्त्रियांसाठी सल्ला देणाऱ्या बायकांचे केंद्र. आपल्याकडील वर्तमानपत्रांनी तेव्हा हे वृत्त चवीने छापले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. घंटा असणे हे नसण्यापेक्षा बरे. रस्त्यावर मार खाणाऱ्या मुलीला तेथे निदान कोणी ऐकणारे आहे. परंतु ती घंटा गिऱ्हाइकापासून वाचविते. जो घरी बसून हिशेब मागतो त्याच्यापासून वाचविण्यासाठी ती नाही.

मग त्याच्यापासून कोण वाचविते? येथे स्वित्झर्लंडने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २००६ पासून तेथील दंडसंहितेतील कलम १८२ मध्ये माणसांच्या व्यापाराची व्याख्या विस्तृत झाली आणि श्रमाचे शोषण तीत आले. जानेवारी २०१३ पासून साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे. एप्रिल २०१३ पासून युरोप परिषदेचा व्यापारविरोधी करार तेथे लागू आहे. झुरिचमध्ये एफ.आय.झेड. ही संस्था १९८५ पासून काम करते. आरंभी स्विस पुरुषांचा थायलंडसारख्या देशांतील लैंगिक पर्यटनाचा धंदा आणि परदेशी बायका आणून देणारे लग्नाचे दलाल यांकडे तिने लक्ष वेधले. आज ती विकल्या गेलेल्यांना निवारा, दुभाषी आणि वकील मिळवून देते. आणि ज्या परवान्याविषयी मी वर लिहिले, तो कॅबरेचा परवाना सरकारने १ जानेवारी २०१६ पासून बंद केला.

परंतु पाहा, परवाना बंद करतानाही मदत करणाऱ्या मंडळींनी एक शंका काढली होती. ती अशी की, हे दार बंद झाले म्हणून स्त्रियांचे येणे थांबणार नाही. पूर्वी निदान करारनामा आणि किमान वेतन होते, आता त्या विनापरवाना येतील आणि अधिकच दलालाच्या मुठीत जातील. शंका रास्त आहे. कागद दिला तर तो दोरी होतो आणि काढून घेतला तर ती स्त्री कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही. यातून सुटका कागद देण्यात नाही आणि काढून घेण्यातही नाही. ‘नाही’ म्हटल्यावर तिचे काय होते, यावर सारे अवलंबून आहे.

या कसोटीवर तो देश अजून अर्धाच उतरतो. व्यापाराला बळी पडल्याचा संशय असलेल्या परदेशी स्त्रीला किमान ३० दिवसांचा अवधी मिळतो. त्या काळात तिला देशाबाहेर घालवीत नाहीत, तिने सावरावे आणि पोलिसांना साथ द्यावयाची की नाही ते ठरवावे, अशी अपेक्षा असते. तीस दिवस! ज्या माणसाने वर्षभर धाकात काढले, ज्याचे मूल दूरच्या गावी दलालाच्या शेजारी वाढत आहे, त्याने तीस दिवसांत हा निर्णय घ्यावयाचा. साथ दिली तर तपास आणि खटला चालेपर्यंत राहता येते. पुढे काय, हे विशेष अडचणीचा विचार करून अधिकाऱ्यांनी ठरवावयाचे. शिवाय पोलीस, वकिली व्यवस्था आणि मदतीचा पैसा हे सारे २६ कॅन्टनांच्या हाती. एका कॅन्टनात या कामासाठी शिकविलेले पोलीस आणि मदतगृह आहे, तर दुसऱ्यात बळी पडलेली बाई ओळखलीच जात नाही आणि विनापरवाना कामगार म्हणून तिच्यावरच दंड बसण्याचा संभव. युरोप परिषदेच्या तज्ज्ञांनी या विषमतेवर वारंवार बोट ठेवले आहे. आम्हां संस्थानी मंडळींस हे समजावून सांगावयास नको. एका हद्दीत गुन्हा आणि चार कोसांवर दुसऱ्या हद्दीत मोकळीक, याचा लाभ चोरालाच अधिक होतो, हे आमच्या वाडवडिलांनी पाहिले आहे.

युरोपात या विषयावर दोन तट आहेत. स्वीडनने १९९९ पासून विकणारीला सोडून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरविले. नॉर्वे २००९ मध्ये व फ्रान्स २०१६ मध्ये त्याच वाटेने गेले. जर्मनी व स्वित्झर्लंड यांनी धंदा मान्य करून त्यावर नियम घातले. स्वित्झर्लंडच्या लोकसभागृहात स्वीडनची रीत आणण्याचा ठराव २०२२ च्या जूनमध्ये आला, तो प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत. विकत घेणारा आहे म्हणूनच विक्री आहे, हे पहिल्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. धंदा अंधारात लोटला की सर्वांत दुबळीच प्रथम मरते, हे दुसऱ्यांचे म्हणणेही खोडता येत नाही. परंतु दोन्ही तटांचा वाद गिऱ्हाईक आणि सरकार यांच्याभोवती फिरत राहतो, आणि कर्ज, परवाना व गावचा पत्ता यांनी बांधलेली ती बाई दोन्हीकडे दुय्यम ठरते, असे मला वाटते.

‘तिला ठाऊक होते’ हे वाक्य या प्रकरणांत किती दूरवर जाते याचे एक उदाहरण आपल्याच माणसांचे आहे. ते देहविक्रयाचे नाही, घरकामाचे आहे, परंतु प्रश्न तोच. जून २०२४ मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने एका अतिश्रीमंत भारतीय वंशाच्या कुटुंबातील चौघांना, भारतातून आणलेल्या घरगुती नोकरांचे शोषण केल्याबद्दल दोषी ठरविले. कमी पगार, तोही भारतात रुपयांत जमा होणारा, आणि पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, अशा तक्रारी होत्या. परंतु माणसांच्या व्यापाराच्या आरोपातून त्याच न्यायालयाने त्यांना मुक्त केले. आपण काय पत्करीत आहोत याची नोकरांना निदान काही कल्पना होती, असे एक कारण पुढे आले. प्रकरण वरच्या न्यायालयाकडे गेले, आणि त्या निर्णयाचा न्याय करण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणतो की, निघताना काय ठाऊक होते हा प्रश्न आपण फार विचारतो. परतता येत होते का, हा प्रश्न त्यामानाने फारच थोडा.

हे सारे वाचून ‘पाहा, गोऱ्यांचे सोन्याचे देशही असेच’ असे समाधान कोणी मानू नये. आपल्याच जुन्या संस्थानाच्या मंदसौर-नीमच भागात रस्त्याच्या कडेच्या काही वस्त्यांत मुलींना परंपरेच्या नावाखाली या धंद्यास लावले जाते, हे आपणांस ठाऊक आहे आणि आपण मोटारीची काच वर करून पुढे जातो. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार निषिद्ध केला. १९५६ मध्ये अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा झाला, १९८६ मध्ये तो सुधारला. परंतु त्याच कायद्याचे आठवे कलम गिऱ्हाइकाला खुणावणाऱ्या बाईला शिक्षा सांगते, आणि पोलिसांना तेच कलम सर्वांत सोपे पडते. या स्त्रियांना पोलिसांनी माणुसकीने वागवावे असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये स्वतंत्रपणे सांगावे लागले, यातच सर्व आले. स्विस लोकांपाशी निदान चोख कागद आहेत. आपल्यापाशी तेही पुष्कळदा नसतात.

परंतु कागदांची चोख व्यवस्था म्हणजे न्याय नव्हे, हे त्या देशाकडून शिकण्यासारखे आहे. शिक्का बरोबर, मुदत बरोबर, वयाची अट बरोबर, आणि माणूस मात्र अडकलेले, असे घडू शकते. ते घडते तेव्हा खलपुरुष एकटा दलाल नसतो. परवाना देणारा कारकून, घर भाड्याने देणारा सद्गृहस्थ, करारनामा वाचून मान डोलावणारा वकील, हे सारे आपापल्या जागी निर्दोष असतात.

ग्वाल्हेरहून आजही मुली परगावी, परदेशी कामाला जातात. जावे, अवश्य जावे. त्यांचे आईबाप कधी कधी माझ्यासारख्या म्हाताऱ्याकडे कागद घेऊन येतात. मी आता कागद शेवटी वाचतो. आधी विचारतो की, आगाऊ रक्कम घेतली आहे का, पासपोर्ट कोणाच्या हाती राहणार, आणि पोरीला नाही आवडले तर त्याच दिवशी, कोणाचे काही न फेडता, परत येण्याची सोय आहे का. याचे उत्तर ‘नाही’ असेल तर कागद कितीही चोख असो, मी तो मिटून परत देतो. मावशी आता नाहीत. त्यांच्या भाचीला मी हे सांगावयास हवे होते.